मनोऱ्याचा पाया कधीच आक्रसलाय: ‘लोकसंख्या विस्फोट’वाल्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

११ जुलै, म्हणजे जागतिक लोकसंख्या दिन जवळ आला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. सोबत चित्र असतं: खाली ऐसपैस, वर निमुळता होत गेलेला त्रिकोणी लोकसंख्या मनोरा, डावीकडे निळे पुरुष, उजवीकडे गुलाबी बायका, आणि माथ्यावर ठळक अक्षरांत ‘भारत’. मजकूर थोडक्यात असा. आपला पाया दिवसेंदिवस रुंदावतोय, प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा मोठी. ‘आता सरासरी दोनच मुलं होतात’ हे सरकारी सर्वेक्षण म्हणजे थाप, कारण तसं असतं तर लोकसंख्या वाढलीच नसती. एक समाज ठरवून मुलं वाढवतोय. चीनने कायदा करून दाखवला, आपणही दोन मुलांचा कडक कायदा करावा. आणि म्हाताऱ्यांची काळजी करणाऱ्यांनी गप्प बसावं, कारण ६५ टक्के भारत पस्तिशीच्या आत आहे. शेवटी अर्थातच ‘किमान दहा ग्रुपवर पाठवा’.

यातली काही वाक्यं साफ खोटी आहेत, काही खरी आहेत पण त्यांतून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. खोट्यापेक्षा दुसरा प्रकार जास्त त्रासदायक, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवतो.

‘पाया रुंदावतोय’

मनोरा वाचायची रीत बारावीच्या भूगोलात शिकवतात. प्रत्येक आडवी पट्टी म्हणजे पाच वर्षांचा एक वयोगट. सगळ्यात खाली ०-४ वर्षांची पोरं, त्यावर ५-९, असं करत वर ऐंशीच्या पुढचे. पाया रुंद आहे की नाही हे ठरवायला तीनच पट्ट्या पुरतात, तर २०११च्या जनगणनेतल्या खालच्या तीन पट्ट्या घेऊ. १०-१४ वयाची मुलं १३ कोटी २७ लाख. ५-९ वयाची १२ कोटी ६९ लाख. ०-४ वयाची ११ कोटी २८ लाख. जसजसं खाली यावं तसतशी पट्टी आखूड होत जाते. फॉरवर्डमधल्या चित्रात नेमकं याच्या उलट आहे. तो आकार सत्तरच्या दशकातल्या भारताला शोभला असता, आज नायजरसारख्या देशाला शोभतो.

अगदी लहान मुलं जनगणनेत थोडी सुटतात, आणि दहाच्या आकड्यावर वयं थोडी गोळा होतात, त्यामुळे या फरकातला काही भाग मोजणीतल्या दोषाचा आहे हे मान्य. पण दुसऱ्या बाजूने पाहा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या सुमारे १८ कोटींनी वाढली. त्याच काळात ०-६ वयाच्या मुलांची संख्या १६ कोटी ३८ लाखांवरून १६ कोटी ४५ लाखांवर गेली, म्हणजे जागच्या जागीच राहिली. अठरा कोटींची भर पडली आणि पाळण्यातली गर्दी तेवढीच राहिली. मग भर कुठे पडली? वरच्या पट्ट्यांत. आपला मनोरा आता त्रिकोणी राहिलेला नाही, त्याचं मध्यमवयीन माणसासारखं पोट सुटलंय.

याच चित्राच्या एका आवृत्तीत एकेका वर्षाच्या पट्ट्या दाखवल्यात आणि ३०, ३५, ४०, ५०, ६० या वयांना बाहेर आलेल्या काट्यांवर बाण मारून ‘बघा विस्फोट’ असं लिहिलंय. हे पाहून मात्र हसू आलं. त्या वर्षी देशात एकदम जास्त मुलं जन्मली म्हणून तो काटा आलेला नाही. प्रगणक दारात येतो, ‘आजोबांचं वय काय?’ विचारतो, आणि सून आतून सांगते, ‘असेल साठ.’ एकोणसाठ किंवा एकसष्ठ कुणी सांगत नाही. आपल्या जनगणनांमध्ये शून्य आणि पाचवर संपणारी वयं अशी फुगतात हे जनगणनेच्या टेबलांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि एकेक वर्षाऐवजी पाच-पाच वर्षांचे गट करायचं एक कारणही तेच. महाराष्ट्रात तर वेगळा पुरावा द्यायलाच नको. घरातल्या साठी-सत्तरीच्या माणसांचे दाखले काढून बघा, निम्मे १ जूनला जन्मलेले निघतील. शाळेत नाव घालताना गुरुजींनी घातलेली ती तारीख, जन्माची नव्हे. अशा देशात ५०च्या पट्टीला आलेल्या काट्यावर बाण मारायचा म्हणजे गुरुजींच्या हस्ताक्षरावर बाण मारण्यासारखं आहे.

‘दोनच मुलं होतात, तर लोकसंख्या वाढते कशी?’

हा या मेसेजमधला सगळ्यात चांगला प्रश्न. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं ही वेगळी गोष्ट.

आधी आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, एका स्त्रीला सरासरी ३.४ मुलं होत होती. मग २.९, २.७, २.२ आणि २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत २.०. हे सर्वेक्षण खोटं वाटत असेल तर नमुना नोंदणी पद्धत ही अगदी वेगळी, कायम चालणारी यंत्रणा आहे. तिचाही २०२० चा आकडा २.० च आहे. एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा घ्यायला साधारण २.१ लागतात. म्हणजे आपण त्या रेषेच्या खाली आलोय.

आता एक गाव कल्पा. आजी-आजोबांच्या पिढीत १०० जोडपी, म्हणजे २०० माणसं. प्रत्येक जोडप्याला चार मुलं झाली आणि जगली: ४०० मुलं. ती मोठी झाली, त्यांची २०० जोडपी झाली. (सोयरीक गावातल्या गावात कशी जुळली हे विचारू नका, हिशेबापुरतं जुळवून घ्या.) या २०० जोडप्यांनी प्रत्येकी दोनच मुलं होऊ दिली: पुन्हा ४००. आज गावात २०० अधिक ४०० अधिक ४००, एकूण १००० माणसं. पंचवीस वर्षांनी आजी-आजोबा जातात, २०० वजा. नातवंडांची लग्नं होतात, त्यांनाही दोन-दोनच मुलं होतात, ४०० जमा. गाव १२०० वर गेलं. दोन पिढ्या झाल्या, कुणीही तिसरं मूल होऊ दिलेलं नाही, तरी गाव वीस टक्क्यांनी वाढलं. कारण वरून गेलेली पिढी लहान होती आणि तिच्या जागी सरकलेली पिढी मोठी. यानंतर मात्र दरवेळी ४०० जातील, ४०० येतील, आणि वाढ थांबेल.

लोकसंख्येची गती म्हणतात ती हीच. जन्माचं प्रमाण आधी खाली येतं, वाढ थांबायला त्यानंतर दोन-तीन पिढ्या लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला १७० कोटींच्या आसपास पोचेल आणि तिथून उतरणीला लागेल. आज वीस-तीस वयाच्या पट्ट्यांत असलेली माणसं आई-बाप होणार आहेत आणि त्यांची संख्या मोठी आहे, कारण त्यांच्या आई-बापांच्या वेळी घरटी तीन-चार मुलं होती. तो निर्णय त्या काळी झाला. आज कुठलाही कायदा केला तरी त्यांना परत पोटात घालता येणार नाही.

याच गतीचा दुसरा भाग मृत्यूंचा आहे, आणि तो फारसा कुणी बघत नाही. २०२० मध्ये भारतात हजारी १९.५ जन्म आणि हजारी ६ मृत्यू होते. १९७१ मध्ये हे आकडे ३६.९ आणि १४.९ होते. जपानचा मृत्युदर आज आपल्या जवळजवळ दुप्पट आहे. जपानी माणूस आपल्यापेक्षा जास्त जगतो, तरी हे असं का? कारण तिथे पासष्टीच्या पुढचे लोक २९ टक्के आहेत. मरणाच्या वयाला पोचलेली माणसंच जास्त. तेवढं लांब जायचं नसेल तर देशातल्या देशात बघा. २०२० मध्ये केरळचा मृत्युदर ७ होता आणि बिहारचा ५.४. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘बिहारची आरोग्यसेवा केरळपेक्षा सरस’ असा निष्कर्ष काढणारा माणूस आणि ‘लोकसंख्या वाढतेय म्हणजे मुलं जास्त होतायत’ म्हणणारा माणूस एकच चूक करतोय. दोघांनीही वयाची पट्टी पाहिलेली नाही. भारताची वाढ आज पाळण्यातून कमी आणि लवकर न मरण्यातून जास्त होते आहे, आणि मला तरी ही बातमी चांगली वाटते.

‘एक समाज ठरवून मुलं वाढवतोय’

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत मुस्लिम स्त्रियांचा मुलांचा सरासरी आकडा ४.४ होता, हिंदू स्त्रियांचा ३.३. पाचव्या फेरीत २.३६ आणि १.९४. फरक १.१ वरून ०.४ वर आलाय आणि जास्त घट मुस्लिमांमध्येच झाली आहे. ठरवून वाढवणारे असे घटवत नाहीत. त्याच सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा आकडा २.८ आहे आणि बारा वर्षं किंवा जास्त शिकलेल्यांचा १.८. हा फरक धर्माच्या फरकाच्या दुपटीहून जास्त आहे. या मुद्द्याला यापेक्षा जागा द्यावी असं वाटत नाही.

‘चीनने करून दाखवलं’

चीनमध्ये १९७० मध्ये स्त्रीमागे साडेपाचच्या वर मुलं होत होती, १९७९ मध्ये पावणेतीनच्या आसपास. एक मूल धोरण देशभर आलं १९८० मध्ये. म्हणजे मोठी घसरण धोरणाच्या आधीच, उशिरा लग्न, दोन मुलांत अंतर आणि कमी मुलं या सत्तरच्या दशकातल्या मोहिमेत झाली होती. (ती मोहीमही काही निव्वळ समजुतीची नव्हती, हेही सांगायला हवं.) धोरणानंतर काय झालं? मुलींचे गर्भ पाडले गेले आणि एक वेळ अशी आली की शंभर मुलींमागे ११५ च्या वर मुलगे जन्मत होते. २०१६ पासून दोन मुलांना परवानगी, २०२१ मध्ये तीनला. पण पोरं काही फर्मानावर येईनात. २०१६ मध्ये पावणेदोन कोटींच्या वर जन्म झाले होते, २०२३ मध्ये ९० लाख. २०२२ पासून लोकसंख्या घटायला लागली आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने चीनचा आजचा मनोरा एकदा उघडून बघावा. १९५९-६१ च्या दुष्काळाची खाच त्यात अजून दिसते, तिच्या खाली साठच्या दशकातल्या जन्मांचा जाड पट्टा, आणि अगदी तळाला दरवर्षी आखूड होत गेलेल्या पट्ट्या. तो साठच्या दशकातला जाड पट्टा आत्ता निवृत्त होतोय.

आणि आपल्याकडे कायदा नाही असं कुणी सांगितलं? महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्या माणसाला ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. गावोगावी यावरून किती अर्ज छाननीत उडाले आणि किती पोरं कागदोपत्री मेहुण्याची झाली, हे स्थानिक निवडणुका जवळून पाहिलेल्या कुणालाही विचारा. २००५ पासून सरकारी नोकरीसाठीही लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. त्याच्याही आधी, आणीबाणीत, १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारी विधानसभा आपलीच होती. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते तिथेच राहिलं. त्या वर्षी देशभरात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, आणि त्यानंतर ‘कुटुंबनियोजन’ हे नाव घ्यायलाही सरकारं कचरू लागली.

कायद्याने फरक पडला का, हे तपासायचं तर कायदा असलेली आणि नसलेली राज्यं शेजारी ठेवा. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात स्त्रीमागे १.७ मुलं. कर्नाटकातही १.७. तामिळनाडू आणि केरळ १.८, पश्चिम बंगाल आणि पंजाब १.६. यांतल्या केरळ-तामिळनाडूने असा कायदा न करता नव्वदच्या आगेमागेच २.१ ची रेषा ओलांडली होती. महाराष्ट्राचीही २.९ वरून २.५ अशी उतरण १९९९ पर्यंत, म्हणजे ती २००१ ची तारीख यायच्या आधीच झाली होती. आंध्र प्रदेशात पंचायतींसाठी असाच नियम होता, तो २०२४ मध्ये रद्द केला गेला आणि मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आता लोकांना जास्त मुलं होऊ द्या म्हणून सांगताहेत. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ मध्ये, कायदा तर सोडाच, समाज विरोधात असताना. मुलं कमी झाली ती मुली शिकल्या, लग्नाचं वय वाढलं, झालेली मुलं जगायला लागली, आणि साधनं हाताशी आली म्हणून.

मनोऱ्याला दोन बाजू असतात हेही या मेसेजला माहीत नसावं. २०११ मध्ये महाराष्ट्रात ०-६ वयात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३. बीड जिल्ह्यात ८०७. तळाच्या पट्टीत डावी बाजू उजवीपेक्षा एवढी लांब असणं हे निसर्गाचं काम नाही. ‘दोनच, पण त्यात एक मुलगा हवाच’ या घरात कडक कायदा आणा, आणि कुणाचा नंबर कापला जाईल ते सांगायला लोकसंख्याशास्त्रज्ञ लागत नाही.

‘६५ टक्के पस्तिशीच्या आत, म्हाताऱ्यांची चिंता कशाला?’

टक्केवारी साधारण बरोबर आहे, भारताचं मध्यवयही (निम्मे लोक ज्याच्या आत असतात ते वय) अजून अठ्ठावीसच्या आसपास आहे. पण याच मेसेजच्या वरच्या भागात हीच तरुण मंडळी संकट होती, इथे आल्यावर ती दौलत झाली. दोन्ही एकदम कसं?

तरुण पट्ट्या कायम तरुण राहत नाहीत. मनोऱ्यातली प्रत्येक पट्टी दर पाच वर्षांनी एक पायरी वर चढते, आणि आज पोटात असलेली ही रुंदी २०५० च्या सुमारास साठीच्या दिशेने सरकलेली असेल. तेव्हा दर पाच भारतीयांत एक साठीच्या पुढचा असेल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. कमावत्या वयाच्या माणसांचं प्रमाण जास्त असण्याचा फायदा मिळतो तो याच मधल्या काळात, आणि तोही आपोआप नाही. पंचवीस वर्षांचा मुलगा स्पर्धा परीक्षेच्या पाचव्या प्रयत्नासाठी पुण्यात पेठेत खोली घेऊन बसलाय आणि त्याची शिकलेली बहीण घरी बसवलीय. मनोऱ्यात दोघंही ‘कमावत्या वयात’ मोजले जातात.

म्हातारपण कसं येतं हे बघायला जपानला जायची गरज नाही. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गची २.२ टक्क्यांनी घटली. त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून देशातला सगळ्यात मोठा जिल्हा झाला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, कारण मनोऱ्याच्या पुरुषांच्या बाजूचा मधला भाग मुंबई-ठाण्यात कामाला गेलाय, काही आखातात. त्यामुळेच संयुक्त अरब अमिरातीचा मनोरा पाहिला तर पंचवीस ते पंचेचाळीस वयात पुरुषांच्या बाजूला भलामोठा फुगवटा दिसतो; त्यात केरळ आहे तसं कोकणही आहे. एकाच राज्यातल्या दोन जिल्ह्यांचे मनोरे इतके वेगळे असतील तर ‘भारत’ अशी एकच पाटी लावलेल्या चित्रावरून धोरण ठरवणं किती शहाणपणाचं?

पाया आक्रसल्याचा परिणाम कागदावर यायला लागून बरीच वर्षं झाली. २०१८-१९ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत एक आख्खं प्रकरण यावर आहे, आणि त्यात नव्या प्राथमिक शाळा काढण्यापेक्षा आहेत त्या एकत्र कराव्या लागतील असं स्पष्ट म्हटलंय. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची समूहशाळा करायचा विषय निघाला तेव्हा गदारोळ झाला, आणि तो रास्तच होता, कारण वाडीवरच्या सहा वर्षांच्या पोरीला चार किलोमीटर पाठवणार कोण? पट घटायला इंग्रजी माध्यम आणि स्थलांतरही कारणीभूत आहे. पण पटसंख्येच्या रजिस्टरमध्ये पाया आक्रसल्याचाही हिशेब आहे, आणि ‘विस्फोट’ म्हणून ओरडणाऱ्यांनी तो कधी मागवलेला नाही.

मनोऱ्याचे हे मुख्य आकडे २०११ चे आहेत, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या मोजणीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे वयाचे तक्ते बाहेर आले की पहिल्यांदा ०-४ ची ओळ ५-९ च्या ओळीशी ताडून पाहा, आणि ती देशाची बघून थांबू नका. आपल्या जिल्ह्याची, जमलं तर तालुक्याची बघा. फॉरवर्ड तोपर्यंत पुन्हा आलेला असेलच.